नळीवर एक नाव, बॉडीवर दुसरं

वारसांची संमतीपत्रं, पोलिस चौकशी, ऑनलाइन अर्ज, सगळं सुरळीत झालं. आबांची .२२ ची टार्गेट रायफल माझ्या नावावर व्हायला अडली ती एकाच रकान्यात: ‘मेक’, म्हणजे बनवणारी कंपनी.

जुन्या परवान्यावर कोणीतरी ‘पार्कर-हेल’ या इंग्लिश कंपनीचं नाव लिहून ठेवलं होतं. टेबलावरच्या साहेबांनी बघितलं तर बॉडीवर बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, दुसरी इंग्लिश कंपनी) आणि एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफलींचा छाप. “कागदावर एक, मालावर दुसरं. बॅरल बदललेलं दिसतंय. कोणी बदललं, कधी बदललं, लेखी आणा.” आबा जाऊन किती वर्षं झाली, आता विचारू कोणाला? त्यात आचारसंहिता लागली आणि फाइल गठ्ठ्याच्या तळाशी गेली. सोलापूरच्या उन्हात त्या जिन्यावर उभं राहून माझं डोकं फिरायचं, आणि आत गेलं की उत्तर ठरलेलं: “बघतो.” रायफलीवरचा नंबर परवान्याशी तंतोतंत जुळत होता, पण तिकडे कोणी बघेल तर शपथ!

शेवटी, रायफल ज्यांच्याकडे जमा होती त्या दुकानदारकाकांनी पुढचा लाकडी भाग खोलला. तिरपा टॉर्च मारल्यावर उत्तर नळीवरच होतं. बॉडीवर मुकुटाखाली बीव्ही, बीपी, एनपी असे बर्मिंगहॅम प्रूफ हाउसचे, म्हणजे बंदुकीची मजबुती तपासून शिक्का मारणाऱ्या संस्थेचे, छाप, म्हणजे १९०४ ते १९५४ मधले. नळीवर मात्र मुकुट आणि बीएनपी. हा छाप १९५४ च्या नियमांनी आला. शेजारी ‘पार्कर-रायफल्ड’. म्हणजे रायफल बीएसएचीच, मार्टिनी पद्धतीची (खालचा लिव्हर ओढून ब्रीच, म्हणजे नळीचं मागचं तोंड, उघडणारी), मॉडेल १२. नळी झिजल्यावर पार्कर-हेलने ती आतून मोठी करून आत नव्या आट्यांची बारीक नळी बसवली (यालाच री-लाइन करणं म्हणतात) आणि प्रूफ हाउसमध्ये तिची पुन्हा तपासणी झाली. तोंडाशी भोकाभोवती बारीक रिंग दिसते, तोच जोड. आबांनी रायफल जुनीच घेतली होती, त्यामुळे हे काम त्यांच्या आधीचंच असणार.

मागची पीप साइट, म्हणजे नेम धरायचं भोकाचं साधन, तीही पार्कर-हेलची. मूळ परवाना लिहिणाऱ्याने बहुधा तेवढंच नाव वाचलं असावं.

काकांनी हे सगळं लेटरहेडवर लिहून दिलं, छापांचे फोटो जोडले. हो, एक राहिलंच: ब्रीच बंद करून तोंडातून काठी घालून लांबी मोजा. मॉडेल १२ ची नळी २९ इंची. आमची तेवढीच भरली, म्हणजे पुढून कापलेली नाही, हेही पत्रात घातलं. हे सगळं अर्थात परवानाधारक दुकानदारासमोरच, रिकामी आहे याची खात्री करून. आणि चकचकीत दिसावी म्हणून पॉलिश पेपर अजिबात मारू नका, छाप गेले की पुरावाच गेला.

साहेबांनी पत्र वाचलं, फोटो बघितले आणि म्हणाले, “मग हे आधी का नाही दाखवलं?” मी काही बोललो नाही. परवान्यावर आता ‘बीएसए मार्टिनी, .२२, नळी री-लाइन केलेली’ असं लिहिलंय. स्पेलिंग मी स्वतः उभं राहून तपासलं.