समुपदेशनाचा फॉर्म आणि बापाचा फोन

शाळेत समुपदेशनासाठी ऑनलाइन काहीतरी सुरू करायचं ठरलं की सगळ्यात आधी गूगल फॉर्म तयार होतो. फुकट असतो, मराठीत लिहिता येतो, दहा मिनिटांत होतो. खरी अडचण तो मुलांपर्यंत पोचल्यावर सुरू होते. कोल्हापूर शहरातल्या कितीतरी घरांत, आणि भुदरगड-चंदगडकडच्या वाड्यांवर तर त्याहून जास्त, आठवी-नववीतल्या मुलाकडे स्वतःचा फोन नसतो. फोन वडिलांचा किंवा थोरल्या भावाचा. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यातली पाळी सुटली की तो संध्याकाळी घरी येतो आणि त्यावर जीमेलही वडिलांचंच चालू असतं. त्यामुळे कुठलंही साधन निवडताना एकच गोष्ट आधी बघायची: मुलानं लिहिलेलं कोणाकोणाला दिसेल आणि जबाबदार माणूस ते कधी वाचेल. यातलं एकही उत्तर धड नसेल तर ते साधन शाळेत आणू नये.

फॉर्मच्या सेटिंग्जमध्ये हे सगळं ठरतं, म्हणून तिथे थोडा वेळ घालवू. ‘कलेक्ट ईमेल ॲड्रेसेस’ बंद ठेवायचं. ‘व्हेरिफाइड’ निवडलं तर नोंद होते ती फोनच्या मालकाची, मुलाची नाही. ‘सेंड रिस्पॉन्डर्स अ कॉपी’ चालू राहिलं तर आणखी घोळ: मुलीनं लिहिलेलं उत्तर जसंच्या तसं वडिलांच्या इनबॉक्समध्ये जाऊन बसतं. ‘लिमिट टू वन रिस्पॉन्स’ला गूगल खात्यानं लॉगिन लागतं, शिवाय एकाच फोनवरून दोन बहिणींना फॉर्म भरता येत नाही, तेही बंद. ‘व्ह्यू रिझल्ट्स समरी’ चुकून चालू राहिलं, तर फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाला बाकीच्यांच्या उत्तरांचा गोषवारा उघडता येतो. आणि प्रेझेंटेशनच्या भागात ‘डिसेबल ऑटोसेव्ह’ हे सहसा कोणी बघत नाही. खात्यात लॉगिन असेल तर अर्धवट भरलेला फॉर्म ३० दिवसांपर्यंत मसुदा म्हणून राहतो. मुलगा मध्येच घाबरून फॉर्म बंद करतो, आठवड्यानं भाऊ तीच लिंक उघडतो आणि समोर अर्धी लिहिलेली वाक्यं. म्हणून ऑटोसेव्ह बंद करायचंच. सगळं लावून झाल्यावर दुसऱ्याच्या फोनवरून फॉर्म एकदा भरून बघावा, तेव्हा काय राहिलंय ते कळतं.

प्रश्न चारच पुरतात. वर्ग, तुकडी, हजेरी क्रमांक (नाव लिहायचं की नाही ते मुलावर सोपवा). विषय, पर्यायांतून निवडायचा: अभ्यास, दहावी-बारावीनंतर काय, घरचं, मित्र-मैत्रिणी, ऑनलाइन त्रास, आत्ता सांगायचं नाही. किती घाई: आज, या आठवड्यात, घाई नाही. आणि भेटायला कसं बोलवायचं. हा शेवटचा प्रश्न फॉर्म बनवणाऱ्याला फालतू वाटतो, पण मुलं फॉर्म भरणार की नाही ते त्यावरच ठरतं. शिपाईमामांनी चालू तासाला दारात उभं राहून ‘अमुक अमुकला समुपदेशनाला बोलावलंय’ असं पुकारलं की मधल्या सुट्टीत सगळ्या वर्गाला विषय मिळतो. ‘ग्रंथालयाच्या तासाला मीच येईन’, ‘शाळा सुटल्यावर’, ‘वर्गशिक्षकांच्या चिठ्ठीनं, कारण न लिहिता’ असे पर्याय द्यावेत.

‘तुझी अडचण सविस्तर लिही’ असा मोठा चौकोन मात्र ठेवू नये. मोकळी जागा दिसली की मुलं रात्री अकरा वाजता तिथे काहीही लिहितात, अगदी जीव द्यावासा वाटतो इथपर्यंत, आणि शाळेत ते उघडतं सोमवारी प्रार्थनेनंतर. फॉर्मच्या ‘रिस्पॉन्सेस’ भागातल्या तीन टिंबांत नव्या उत्तराची ईमेल सूचना चालू करता येते. ती करावीच, पण त्या ईमेलमुळे रात्रीच्या वेळी कोणी कामावर येत नाही. दिवसातून दोनदा, प्रार्थनेआधी आणि शेवटच्या तासानंतर, फॉर्म कोण बघणार हे नावानिशी ठरवा. तो माणूस रजेवर असेल तर बदली कोण, तेही. शुक्रवारी संध्याकाळी, दिवाळीला आणि मे महिन्यात ‘ॲक्सेप्टिंग रिस्पॉन्सेस’ बंद करून तिथल्या संदेशात लिहावं: ‘फॉर्म सोमवारी सुरू होईल. आत्ता बोलायचं असेल तर टेली-मानस १४४१६ किंवा चाइल्ड हेल्पलाइन १०९८.’ दोन्ही क्रमांक मोफत आणि चोवीस तास आहेत. टेली-मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. हेच क्रमांक फॉर्म पाठवल्यानंतर दिसणाऱ्या संदेशातही टाकावेत.

काही शाळांत पुढची उडी म्हणजे मानसशास्त्रीय प्रश्नावली फॉर्मवर चढवणं. एसडीक्यू ही मुलांच्या भावनिक आणि वागण्यातल्या अडचणी चाचपणारी २५ विधानांची प्रश्नावली सगळ्यांना आवडते, कारण ती छोटी आहे, मराठीतही मिळते आणि ११ ते १७ वयाची मुलं ती स्वतः भरू शकतात. पण तिचे हक्क राखीव आहेत. छापील प्रती विनानफा कामासाठी काढायला मुभा आहे. परवानगीशिवाय स्वतःची ऑनलाइन आवृत्ती करायला नाही. म्हणजे कागदच बरा. पीएचक्यू-९ ही नैराश्य चाचपणारी प्रश्नावली; तिच्यातला नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तो अख्ख्या नववीला एका दुपारी फॉर्मवर पाठवणं आणि ‘हो’ म्हणणाऱ्यांशी त्याच दिवशी बोलायला माणूस नसणं, हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. विचारायचंच असेल तर एका वेळी एका मुलाला, समोरासमोर.

मुलानं लैंगिक अत्याचाराबद्दल काही लिहिलं तर तिथे ‘गोपनीयता’ लागू होत नाही. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्यानं पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं कलम २१ खाली गुन्हा आहे. चॅटवर ‘कधी, कुठे, नेमकं काय’ असे प्रश्न विचारत बसू नये. तपशील घेणं पोलिसांचं आणि बाल कल्याण समितीचं काम. दुसरी चूक त्याहून सहज होते. एखाद्या मुलीचा फोटो फिरतोय असं कळल्यावर शिक्षक ‘पुरावा’ म्हणून तो स्वतःच्या फोनवर मागवून घेतात आणि मुख्याध्यापकांना पाठवतात. मुलांची अश्लील चित्रं जवळ ठेवणं आणि पुढे पाठवणं यावर पॉक्सोचं कलम १५ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब आहे. फोटो मागवायचा नाही. खात्याचं नाव, लिंक, तारीख आणि वेळ एवढं कागदावर उतरवून घ्यायचं आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला-बालकांच्या विभागात तक्रार करायची; तिथे नाव न देताही तक्रार होते. ‘टेक इट डाऊन’ नावाची मोफत सेवाही आहे. तिच्यात फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. मुलीच्याच फोनवर त्या फोटोची सांकेतिक खूण तयार होते आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून फोटो ओळखून काढतात. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे, फोटोच्या तक्रारीसाठी तिथे वेळ घालवू नये.

हे सगळं मुलांना आधी सांगितलेलं असलं पाहिजे. फॉर्मच्या माथ्यावर तीन वाक्यं: तू सांगितलेलं मी वर्गात किंवा स्टाफरूममध्ये बोलणार नाही. तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कोणी तुझ्यावर अत्याचार करत असेल, तर मला ते सांगावंच लागेल. कोणाला सांगणार ते आधी तुला सांगेन.

नोंदी ठेवण्याबद्दल. बऱ्याच शाळांत जीमेल एकच. त्याचा पासवर्ड क्लार्क, संगणक शिक्षक, यू-डायस (शाळेची सरकारी माहिती) भरणारा ऑपरेटर सगळ्यांना ठाऊक, आणि लॅबमधल्या संगणकावर ते कायम उघडं. त्या खात्यावर समुपदेशनाचा फॉर्म बनवला तर तो चव्हाट्यावरच ठेवला म्हणायचा. वेगळं खातं, दोन टप्प्यांची पडताळणी आणि पासवर्ड फक्त दोघांकडे. फॉर्मची उत्तरं ज्या गूगल शीटमध्ये उतरतात तिथे नाव नसावं, सांकेतिक क्रमांक असावा. कोणता क्रमांक कोणाचा याची वही कपाटात, कुलपात. शेअरिंग ‘रिस्ट्रिक्टेड’वर ठेवायचं, ‘एनीवन विथ द लिंक’ कधीच नाही. शीटमधली ओळ पुसली तरी ‘व्हर्जन हिस्टरी’त ती शाबूत असते, आणि शीट उडवलं तरी उत्तरं फॉर्ममध्ये तशीच राहतात. वर्षअखेरीला दोन्हीकडून काढायचं आणि ट्रॅशही रिकामं करायचं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील सगळे ‘बालक’ धरलेत आणि पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीचा आग्रह आहे, म्हणून प्रवेशाच्या वेळीच एक साधं संमतिपत्र कागदावर घेऊन ठेवणं शहाणपणाचं.

चॅटजीपीटीसारख्या साधनात मुलाची हकीकत नावासकट टाकून ‘सल्ला काय देऊ?’ असं विचारणारेही आता भेटतात. ते करू नये, एवढंच.

व्हॉट्सॲपवाचून कोल्हापुरात पान हलत नाही, त्यामुळे ते नको म्हणण्यात अर्थ नाही. पण विद्यार्थ्यांचा ग्रुप केला की प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, आणि मुलींचे नंबर तिथूनच फुटतात. सूचना द्यायच्या असतील तर कम्युनिटीचा अनाउन्समेंट ग्रुप वापरा, त्यात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ब्रॉडकास्ट लिस्टचा संदेश तुमचा नंबर ज्यांनी साठवलाय त्यांनाच मिळतो, त्यामुळे ‘पाठवलं होतं की!’ आणि ‘आलंच नाही सर’ हा वाद संपत नाही. समुपदेशकानं वेगळं सिम घ्यावं, व्हॉट्सॲप बिझनेस टाकावं आणि शाळेच्या वेळेबाहेरचा ‘अवे मेसेज’ लावावा, त्यातही १४४१६ आणि १०९८. फोटो आपोआप गॅलरीत उतरणं बंद. मुलाला पाठवायचा संदेश असा हवा की वडिलांनी वाचला तरी बिघडू नये: ‘उद्या ग्रंथालयाचं पुस्तक घेऊन ये’ चालेल, ‘काल जे सांगितलंस त्यावर बोलू’ चालणार नाही.

फोनवरून समुपदेशनाची खरी गरज पावसाळ्यात पडते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की सगळ्यांचं लक्ष नदीकडे, ४३ फूट ही धोका पातळी. रस्ते बंद, शाळांना सुट्टी, २०१९ आणि २०२१ मध्ये तर किती घरांचं सगळं वाहून गेलं. गगनबावड्याकडे रेंज डोंगराच्या मर्जीवर, तिथे व्हिडिओचा हट्ट धरू नये. साधा आवाजी कॉल टिकतो, आणि कित्येक मुलं चेहरा दिसत नसला की जास्त बोलतात. कॉलच्या सुरुवातीला चार गोष्टी न चुकता: आत्ता कुठे आहेस, जवळ कोण आहे, कॉल तुटला तर कोणी कोणाला लावायचा, आणि कोणी खोलीत आलं तर काय बोलायचं. शेवटच्यासाठी एक ठरलेलं वाक्य असावं. ‘सर, ते भूमितीचं उदाहरण पुन्हा सांगा’ म्हटलं की समुपदेशकानं सरळ भूमितीवर यायचं. स्पीकरवर ठेवायचं नाही, रेकॉर्डिंग तर अजिबात नाही. वीस-पंचवीस मिनिटं पुरे; त्यापुढे घरातलं कोणीतरी फोन मागतंच.

करिअर मार्गदर्शनात मात्र ऑनलाइन साधनांचा भरघोस उपयोग आहे, कारण इथे लपवण्यासारखं फारसं नसतं. राज्यात २०१६ पासून काही वर्षं दहावीची कलचाचणी झाली. तिच्या निकालाचा कागद म्हणजे कौल असं समजून पालकांनी मुलांच्या शाखा ठरवल्या, हा तिचा गैरवापर. आवड कुठे आहे एवढंच अशी चाचणी दाखवते, झेप किती ते नाही. २०२० मध्ये युनिसेफच्या साथीनं सुरू झालेल्या महाकरिअर पोर्टलवर नववी ते बारावीच्या मुलांना अभ्यासक्रम, महाविद्यालयं, शिष्यवृत्ती आणि प्रवेश परीक्षांची माहिती मिळते. लॉगिन सरल आयडीनं (शिक्षण विभागाच्या सरल प्रणालीतला विद्यार्थ्याचा क्रमांक) होतं आणि तास बहुतेक तिथेच बुडतो: आयडी लांबलचक, मुलांना पाठ नसतो. आदल्या दिवशी संकेतस्थळ उघडतंय का ते बघा, सरलमधून वर्गाची यादी छापून प्रत्येकाच्या हातात आयडीची चिठ्ठी द्या, एका संगणकावर दोघं बसवा. आणि ‘बघा काय काय आहे’ असं मोकळं सोडू नका. ‘तीन अभ्यासक्रम निवडा, प्रत्येकाची पात्रता, कालावधी आणि प्रवेश परीक्षा वहीत लिहा’ एवढं काम दिलं तर पस्तीस मिनिटांत होतं. पोर्टलवर न मिळणारं गावात मिळतं. फाउंड्रीत पॅटर्नमेकर नेमकं काय करतो हे कोल्हापुरातल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात अर्धा दिवस घालवल्यावर जेवढं कळतं तेवढं पडद्यावर कळत नाही.

अकरावी प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाला, आणि जून महिन्यात समुपदेशकाचा निम्मा वेळ त्यातच जातो. अर्जाच्या पहिल्या भागात माहिती, दुसऱ्यात पसंतीक्रम, किमान १ आणि कमाल १०. इथली नेहमीची चूक म्हणजे महाविद्यालयाचं नाव बघून पर्याय भरणं. एकाच महाविद्यालयात अनुदानित, विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित तुकड्यांचे पर्याय वेगवेगळे असतात, आणि फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. दुसरी चूक: पहिल्या क्रमांकावर ‘बघू तरी लागतंय का’ म्हणून न जायचं महाविद्यालय टाकणं. पहिली पसंती मिळाली आणि प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. राधानगरीच्या मुलानं शहरातलं महाविद्यालय वर टाकताना एसटीच्या पहिल्या गाडीची वेळ आणि वसतिगृह दोन्ही बघितलेलं असावं. तिसरी चूक नेट कॅफेत होते. घाईत कॅफेवाला स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो, मग ओटीपी त्याच्याकडे, पासवर्डही त्याच्याकडे, आणि फेरीची शेवटची तारीख असते त्या दिवशी दुकान बंद. अर्जात घरातलाच असा नंबर द्यावा जो ऑगस्टपर्यंत रिचार्ज केलेला राहील, आणि अर्ज क्रमांक-पासवर्ड गुणपत्रिकेच्या झेरॉक्सच्या मागे लिहून ठेवावा.