कराड-गुहागर, कुंभार्ली घाट आणि दहा अँपिअरचा फ्यूज

कराडहून पाटणमार्गे चिपळूण, तिथून पुढे 45 किलोमीटरवर गुहागर. रस्त्याबद्दल फार लिहीत नाही, ओळखीचा आहे. यंदा मात्र हेळवाकच्या अलीकडे डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा लागला. गाडी वेगात होती, त्यामुळे हातांना काहीच फरक जाणवला नाही. चहासाठी टपरीपुढे वळवायला गेलो तेव्हा कळलं, पॉवर स्टिअरिंगची मदत गेलीय. उभ्या गाडीत चाकं वळवायला मेहुण्याने आणि मी मिळून जोर लावला.

अशा वेळी स्टिअरिंग लॉक होत नाही, यांत्रिक जोड शाबूत असतो. सपाटीवर हळूहळू गॅरेज गाठता येतं. पण कुंभार्लीच्या वळणांवर वेग कमी आणि चाक पुरतं फिरवायचं, म्हणजे सगळा भार दंडांवर. मी तरी तसा घाट उतरणार नाही. आणि उतारावर इंजिन बंद करायचं नाहीच, ब्रेकला जोर देणारा बूस्टरही जातो.

टपरीसमोरच बॉनेट उघडलं. मोटरवर चालणाऱ्या या इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगला बहुधा दोन फ्यूज असतात, आणि लोक एकच बघतात. मोठा, बहुतेक 60 ते 80 अँपिअरचा, मोटरला करंट देतो. बॅटरीजवळच्या बॉक्समध्ये तो अनेकदा स्क्रूने कसलेला असतो. बॅटरीची निगेटिव्ह काढल्याशिवाय त्याला पाना लावू नका. दुसरा छोटा, चावी फिरवल्यावर कंट्रोल युनिटला जागं करणारा. तो आमच्या गाडीत डॅशबोर्डखाली आहे, लाल, 10 अँपिअरचा. जागा झाकणावरच्या नकाशात बघा, गाडीगणिक बदलते.

फ्यूज उपसत बसायची गरज नाही. छोट्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन ठिपके उघडे असतात. टेस्ट लॅम्पचा, म्हणजे करंट आहे का ते दाखवणाऱ्या छोट्या दिव्याचा, चिमटा बॉडीच्या कोऱ्या लोखंडाला लावा, चावी ऑन करा, टोक दोन्ही ठिपक्यांना टेकवा. दोन्हीकडे पेटला तर फ्यूज ठीक, एकीकडेच पेटला तर उडालेला, कुठेच नाही तर मागूनच सप्लाय नाही. आमचा मोठा ठीक होता, छोटा एकीकडेच पेटला.

झाकणातला जादा फ्यूज घातला. चावी फिरवताच टिक्, तोही गेला. हे लक्षण कामाचं आहे. लगेच उडाला तर थेट शॉर्ट. खड्ड्यात किंवा वळणावर उडाला तर कुठेतरी घासलेली वायर. पार्किंगमध्ये चाक टोकापर्यंत नेताना मोठा उडाला तर मोटर किंवा तिची केबल बघा. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणं म्हणजे फ्यूजऐवजी वायर जाळणं.

मग मेहुण्याने विचारलं, "दाजी, कॅमेरा कधीपासून बंद आहे?" डॅशकॅमही त्याच वेळी मेला होता! छोट्या फ्यूजवर अनेकदा दुसरंही काहीतरी असतं, म्हणून स्टिअरिंगबरोबर आणखी काय बंद पडलं हे आधी तपासावं. फ्यूज पूर्ण बाहेर काढला तर एका पायाला तांब्याच्या तारा गुंडाळून तसाच दाबलेला. ॲक्सेसरीवाल्याची कारागिरी. डॅशकॅमची ती वायर काचेकडेच्या पट्टीखाली चिरडली होती, आतली तार बॉडीला टेकत होती. वायर सोडवली, टोकाला टेप मारला, तिसरा फ्यूज टिकला. इंजिन चालू करून स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवल्यावर दिवाही विझला. काही गाड्यांत तो स्कॅनरशिवाय जात नाही.

फ्यूज शाबूत असूनही दिवा लागला तर बॅटरी मोजा. बंद गाडीत साधारण 12.6 व्होल्ट आणि चालू गाडीत बहुतेक वेळा 13.8 ते 14.4 मिळायला हवेत. व्होल्टेज पडलं की ही सिस्टीम आपणहून बंद होते. स्टिअरिंगखाली पिवळ्या आवरणाच्या वायरी दिसल्या तर टेस्ट लॅम्प लांब ठेवा, त्या एअरबॅगच्या.

जायचं असेल तर टेस्ट लॅम्प, टेप आणि आपल्या गाडीच्या अँपिअरचे चारदोन फ्यूज कराडलाच घ्या. घाट उजेडी उतरा, पावसाळ्यात धुकं दाट असतं. डॅशकॅम आता लायटरच्या सॉकेटवर चालतो. वायर लोंबते, बायको कुरकुरते, चालायचंच.