वास आला तेव्हा आधी नोकराकडे बघितलं

ऑगस्टमधली गोष्ट. बाहेर धो धो पाऊस, खालच्या गावांकडच्या दोन एसट्या आल्याच नाहीत, टीवायच्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या, वर्गात जेमतेम अकरा पोरं. अशा दिवशी शहाणा मास्तर उजळणी घेतो आणि सुटतो. मी साहित्यातली 'ग्रोटेस्क' ही संज्ञा काढून बसले.

हा शब्द पोरं पाठ करून पेपरात ओकतात, कळत कुणालाच नाही. शब्द कुठून आला ते सांगितलं की मात्र जरा सरसावून बसतात. पंधराव्या शतकाच्या शेवटी रोममध्ये नीरोचा गाडला गेलेला महाल सापडला, चित्रकार दोराला लटकून खाली उतरायचे, दिव्याच्या उजेडात भिंतीवर बघतात तर अर्धा माणूस, अर्धी वेल, कुठे जनावराचं धड. त्या खोल्या गुहेसारख्या, इटालियनमध्ये ग्रोत्ता, म्हणून ती चित्रं ग्रोटेस्क. मग मराठीत काय म्हणायचं यावर दहा मिनिटं गेली. बीभत्स? नाही, बीभत्सात नुसती किळस. विद्रूप, भेसूर, ओंगळ, सगळं फळ्यावर लिहून झालं, कशानेच भागेना. शेवटी खिडकीजवळचा एकजण म्हणाला, "मॅडम, मयताच्या घरी कधीकधी हसू येतं आणि मग स्वतःचीच लाज वाटते, तसलं काय?" तसलंच रे बाबा. माझ्या नोट्समध्ये यापेक्षा बरी व्याख्या नाहीये.

कथा होती अमेरिकन लेखक फॉकनरची 'अ रोझ फॉर एमिली', 1930 ची. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात (शेवट फुटणार, इलाज नाही): अमेरिकेच्या दक्षिणेतलं जेफरसन नावाचं काल्पनिक गाव, मोठ्या घरची एमिली, बापाने आलेली सगळी स्थळं हाकलून लावलेली, बाप मेला तर तीन दिवस ही म्हणते मेलेच नाहीत, मग उत्तरेकडून फुटपाथ बांधायला आलेला मुकादम होमर बॅरन तिला घोडागाडीतून फिरवतो, गावात कुजबुज, ती दुकानातून आर्सेनिक आणते, दुकानदार डब्यावर 'उंदरांसाठी' लिहून देतो, होमर गायब. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती जाते, गाव वरची बंद खोली फोडतं, तर लग्नाच्या खोलीसारखी सजवलेली खोली, सगळ्यावर धूळ, पलंगावर होमरचं जे काय उरलंय ते, आणि शेजारच्या उशीवर डोक्याचा खळगा आणि एक लांब करडा केस.

केसापाशी आलं की वर्ग गप्प होतो. दर वर्षी. मग हळूच कुणीतरी फिस्सकन हसतं.

तर मी चार गट केले आणि चार चष्मे वाटले, म्हणजे कथेकडे बघायचे चार दृष्टिकोन. स्त्रीवादी, मार्क्सवादी, मानसशास्त्रीय, ऐतिहासिक. पोरांनी कामं बरी केली. मुलींच्या गटाने बापाच्या हातातला चाबूक बरोब्बर पकडला. मानसशास्त्रवाल्यांनी बापाचं प्रेत आणि होमरचं प्रेत एका रेषेत आणून ठेवलं, म्हणजे तिला माणूस सोडताच येत नाही. मार्क्सवाल्यांनी 1894 साली तिचा टॅक्स माफ झाला तो उचलला, पैसा संपला तरी रुबाब तसाच. इतिहासवाल्यांनी यादवी युद्ध हरलेली दक्षिण म्हणजेच एमिली असं ठोकून दिलं, जे मी स्वतः गेली बारा वर्षं सांगत आलेय. मी खूश, घड्याळाकडे बघतेय.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरची मुलगी, जिचा आवाज दोन वर्षांत मी फक्त हजेरीला ऐकलाय, ती बसूनच म्हणाली, "मॅडम, पण टोबी?"

कोण टोबी? खरंच, अर्धा सेकंद मला लागला. टोबी म्हणजे एमिलीचा काळा नोकर. सांगणारं गाव त्याला जवळजवळ कधीच नावाने बोलवत नाही, नाव येतं ते एमिली त्याला हाक मारते तेव्हा.

"त्याला सगळं माहिती असणार ना," ती म्हणाली. "होमरला शेवटचं स्वयंपाकघराच्या दारातून आत घेतलं ते त्यानेच. बाजाराची टोपली घेऊन आत-बाहेर तोच करायचा, म्हातारा होईपर्यंत. आणि घरातून वास यायला लागला तेव्हा गावातल्या बायका म्हणतात, पुरुषाला कुठे स्वयंपाकघर नीट ठेवता येतंय. जज म्हणतो त्यानेच अंगणात साप नाहीतर उंदीर मारला असेल. म्हणजे आधी नोकराकडेच बोट." मग जरा थांबली. "माझी आई तीन घरची धुणीभांडी करते. काही सापडेनासं झालं की आधी आईच्या पिशवीकडेच बघतात. आणि कुठल्या घरात कुठली खोली बंद असते ते आईला माहिती असतं, पण ती आम्हाला पण सांगत नाही."

वर्गात कोणी हललं नाही. मी पुस्तक उघडलं, काहीतरी करायचं म्हणून. शेवटचा भाग. एमिली मेल्यावर टोबी पुढच्या दाराशी येतो, बायकांना आत घेतो, तसाच घरातून चालत मागच्या दाराने बाहेर पडतो, आणि परत कुणाला दिसत नाही. एवढंच, दोन वाक्यं. बारा वर्षांत या दोन वाक्यांखाली मी पेन्सिलची रेघसुद्धा मारलेली नाही. त्याच्या वरचं आणि खालचं पान रंगीबेरंगी.

आणि वंशाचा चष्मा मी वाटलाच नव्हता. मिसिसिपीच्या लेखकाची दक्षिणेतली कथा, आणि चार चष्म्यांत तो नाही. कोणाला दोष देणार, यादी माझीच.

गंमत म्हणजे (गंमत कसली) आदल्याच आठवड्यात शेरवुड अँडरसन या अमेरिकन लेखकाच्या 1919 च्या 'वाइन्सबर्ग, ओहायो' या कथासंग्रहाची सुरुवात मी मोठ्या तोऱ्यात शिकवली होती. त्यात एक म्हातारा लेखक म्हणतो, जगात सत्यं पुष्कळ होती आणि सगळी सुंदर होती, पण माणसाने त्यातलं एक उचललं, हे माझं म्हणाला आणि त्यावरच जगायला लागला की माणूस ग्रोटेस्क होतो आणि ते सत्य खोटं होतं. पोरांना मी विचारलेलं, असा कुणी तुमच्या ओळखीत आहे का? तेव्हा पोरं एकमेकांकडे बघून हसली होती. आता कळलं का हसली.

बेल झाली. तिला म्हटलं, घरी आईला सांग ना गोष्ट, काय म्हणतात बघ. आता वाटतं उगाच बोलले, त्या माउलीला दिवसभर उसंत नसते आणि मी तिच्यापुढे फॉकनर ठेवतेय.

दुसऱ्या दिवशी मुलगी स्टाफरूमच्या दारात. सगळी गोष्ट सांगितली म्हणे, भाकरी करता करता आईने ऐकली. प्रेताचं ऐकून "बाई गं" म्हणाली, तव्यावरची भाकरी उलटली, बाकी काही नाही. मग विचारलं, "बापाने नुसतं घर ठेवलेलं, टॅक्स भरायची सोय नाही, मग त्या गड्याला पगार कोण देत होतं?"

मी कथा परत वाचली. दोनदा. चिनीमातीवर चित्रं काढायचे क्लास घ्यायची एमिली काही वर्षं, ते पण पुढे बंद पडले. पगाराचं कुठेच नाहीये.