पी.पी.

भाजणी भाजत होते आणि ओट्यावरचा मोबाईल वाजला. अनोळखी नंबर. घ्यावा तर तांदूळ करपतात, न घ्यावा तर गिऱ्हाईक जातं. घेतला. कर्ज हवंय का, एक मुलगी विचारत होती. तांदूळ करपलेच.

लेकाला म्हटलं, मला धंद्याचा वेगळा नंबर पाहिजे. तो म्हणाला, "सिम कशाला, नेटवरचा घेऊ." २०१८ साली नियम बदलले, तेव्हापासून हे रीतसर मिळतं. कागदपत्रं दिली आणि नाशिकच्या ०२५३ने सुरू होणारा नंबर आला. ना वायर, ना डबडं. आवाजाचे बारीक तुकडे नेटवरून जातात आणि पलीकडे पुन्हा जुळतात. नंबर सिमला बांधलेला नाही, त्यामुळे मोबाईलवर वाजतो तसा लॅपटॉपवरही. सातनंतर माझाच आवाज सांगतो, "उद्या दहानंतर फोन करा." घरातलं कुणी इतकं ऐकत नाही माझं.

नवं कार्ड छापायला रविवार कारंजावर गेले. नंबरापुढं काय लिहायचं, असं छापणाऱ्याने विचारलं आणि मला अण्णांचं कार्ड आठवलं.

अण्णा विम्याचे एजंट. आम्ही पंचवटीत वाड्यात राहायचो. फोन अख्ख्या वाड्यात एकच, खाली काकांकडे. अण्णांच्या कार्डावर तोच नंबर आणि पुढं कंसात पी.पी. म्हणजे फोन शेजारचा, माणूस बोलावून देतील. काकू चौकातून हाक मारायच्या, "अहो, फोऽऽन!" अण्णा बनियनवर असायचे. आधी खुंटीवरचा शर्ट, मग वरपर्यंत बटणं, मग केसांवरून पाण्याचा हात. तोवर पलीकडच्याचं ट्रंककॉलचं मीटर पळतंय. आई ओरडायची, "त्याला दिसतंय होय!" अण्णा जिना उतरताना घसा खाकरायचे आणि खाली पोचेपर्यंत त्यांचा आवाज कुणा साहेबाचा झालेला असायचा.

त्या काळ्या फोनचं एक होतं. वीज गेली तरी तो वाजायचा, कारण त्याची वीज एक्स्चेंजमधून तारेतूनच यायची. माझा राउटर मात्र वीज गेली की डोळे मिटतो, आणि नेटच गेल्याने लॅपटॉपवरही नंबर वाजत नाही. मग मोबाईलच्या डेटावर भागवायचं.

परवा पहिल्यांदा नवा नंबर वाजला. पिठाचे हात पुसले, पदर सारखा केला, घसा खाकरला. "नमस्कार, बोला."

मावशी होती. साठ-सत्तर रुपयांची भाजणी नको होती तिला, काहीच नको होतं. म्हणाली, "घरच्या नंबरावर तू उचलत नाहीस गं. कार्डावरचा लावला."

उकडीच्या मोदकांपासून गुडघ्यांपर्यंत अर्धा तास बोललो. हे लेकाला सांगितलेलं नाही.