काचेला टवका, वर कडक ऊन: दुरुस्ती होईपर्यंतचे दिवस

हायवेवर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि टक्कन काचेवर बसला. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर वेळ मिळाली थेट पुढच्या आठवड्यातली. मधले सगळे दिवस रणरणत्या उन्हाचे, आणि गाडी घरी ठेवून भागण्यासारखं नव्हतं. त्या दिवसांत काय केलं, काय मुद्दाम टाळलं आणि शेवटी दुरुस्ती कशी झाली, ते लिहितो आहे.

आधी टवका नीट पाहिला. शेजारच्या सीटसमोर, कडेपासून बराच आत, तीन-चार मिलिमीटरचा खड्डा आणि त्यातून निघालेल्या तीन बारीक चिरा. आतल्या बाजूने नख फिरवलं, काच गुळगुळीत लागली. हे बघणं महत्त्वाचं, कारण पुढची काच एकसंध नसते. काचेचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा पडदा, अशी ती रचना असते. खड्याचा मार बहुतेक वेळा बाहेरच्या थरावरच निभावतो. आतला थर शाबूत असेल, टवका चालकाच्या थेट नजरेसमोर नसेल आणि कडेला चिकटून नसेल, तर दुरुस्तीला वाव असतो. काचेच्या कडेजवळ ताण मुळातच जास्त असतो, त्यामुळे तिथला लहानसा टवकाही जास्त घातकी.

मग धुळीचा बंदोबस्त. काच सावलीत, गार आणि कोरडी असताना टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावला. चिकटपट्टी चीर थांबवत नाही, तिचं काम फक्त माती आणि पाणी बाहेर ठेवणं. चिरेत माती शिरली की नंतर दुरुस्तीचं रेझिन, म्हणजे चिरेत भरून घट्ट करायचा पारदर्शक द्रव, नीट भरत नाही आणि डाग कायमचा राहतो. पाण्याचं दुखणं त्याहून खोल आहे. ताणाखाली असलेल्या चिरेच्या टोकाशी ओलावा पोचला की काचेतले बंध लवकर तुटतात आणि चीर हळूहळू पुढे सरकते.

सल्ल्यांना तोटा नव्हता. एक मित्र म्हणाला, ‘नेलपॉलिश लाव, जागच्या जागी थांबते.’ दुसऱ्याने झटपट चिकटणारा गोंद सुचवला. दोघांचंही ऐकलं नाही. हे पदार्थ वरच्या वर वाळतात, चिरेच्या टोकापर्यंत पोचत नाहीत, आणि रेझिन जायची वाट मात्र बुजवून टाकतात. नंतर दुरुस्तीवाल्याला ते खरवडून काढावं लागतं आणि पूर्ण निघेलच असंही नाही.

आता उन्हाचं. ‘ऊन लागलं की काच तडकते’ असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. सगळी काच सारखी तापली तर ती सारखीच प्रसरण पावते आणि फारसं बिघडत नाही. भानगड होते ती एक भाग तापलेला आणि शेजारचा गार असला की. मीटरभर काच 30 अंशांनी तापली तर साधारण पाव मिलिमीटर वाढते. ऐकायला कमी वाटतं, पण शेजारची गार काच तेवढंही वाढू देत नाही आणि त्या ओढाताणीत गार भागावर ताण येतो. काच दाब भरपूर सोसते, ताण मात्र तिला मुळीच सोसवत नाही. आणि चिरेच्या टोकाशी तो ताण कित्येक पटींनी एकवटतो. कापडाला कात्रीची इवलीशी खाच दिली की पुढचं हाताने टर्रकन फाटतं, तसंच. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने 1921 मध्ये छापलेल्या निबंधात काचेवरच प्रयोग करून दाखवलं होतं की चीर जितकी लांब, तितक्या कमी ताणात ती पुढे पळते. म्हणून लहान आहे तोवरच तिला जपायचं.

हे ध्यानात घेऊन गाडी वापरायची पद्धत बदलली. सगळ्यात मोठी बंदी गार पाण्यावर. तापलेल्या काचेवर पाणी मारलं की बाहेरचा पृष्ठभाग क्षणात आकसतो, ताण थेट त्याच पृष्ठभागावर येतो, आणि टवका नेमका तिथेच असतो. धडधाकट साध्या काचेलासुद्धा एकदम 40 अंशांच्या आसपासचा फरक जड जातो, मग टवका उडालेलीची काय कथा. त्यामुळे उन्हातून आल्या आल्या गाडी धुणं बंद, वायपरचं पाणीही सकाळीच. जोराच्या फवाऱ्याने धुणं तर पूर्ण बंद.

दुसरं, एसी. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्याबरोबर एसी पूर्ण जोरात लावून हवेचा झोत काचेवर सोडायची सवय बऱ्याच जणांना असते. तो झोत काचेच्या खालच्या पट्ट्यालाच आधी गार करतो, वरचा भाग तापलेलाच राहतो. मी आधी चारही खिडक्या उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्यायचो, मग एसी मंद, झोत पायांकडे, आणि थोड्या वेळाने वाढवायचो. पहिली काही मिनिटं घाम पुसत गाडी चालवावी लागायची. बायको म्हणायची, ‘अहो, काच जपताय की आम्हाला वाफवताय?’ तिचंही खरंच होतं.

तिसरं, सावली. याबाबतीत माझं मत बदललं. पूर्वी वाटायचं की थोडी तरी सावली मिळाली म्हणजे झालं. चिरांवर नजर ठेवायला मी काचेच्या आतल्या बाजूने प्रत्येक चिरेच्या टोकाशी मार्करने बारीक रेघ मारून ठेवली होती. रोज सकाळी ती बघायचो. बाकी दिवस काही हललं नाही, पण एके दुपारी गाडी इमारतीच्या सावलीत होती आणि सावलीची कड बरोबर काचेच्या मधून गेली होती, अर्धी काच उन्हात, अर्धी सावलीत. त्या संध्याकाळी एका चिरेचं टोक रेघेच्या दोनेक मिलिमीटर पुढे गेलेलं दिसलं. एका घटनेवरून सिद्धांत मांडत नाही. पण इमारतींच्या मोठ्या काचा अशा अर्धवट सावलीने तडकतात हे काचेच्या धंद्यातल्या लोकांना चांगलं ठाऊक असतं. तेव्हापासून पूर्ण सावली मिळाली तर उत्तम, नाहीतर बाहेरून सगळ्या काचेवर जाड कापडाचं आच्छादन. डॅशबोर्डवर आतून लावायचा चकचकीत पडदा गाडीचा आतला भाग गार ठेवतो, पण काच त्याच्या बाहेर असते, ती उन्हातच राहते. आच्छादन टाकण्याआधी कापड झटकायचं, नाहीतर धूळ काचेवर घासली जाते.

शिवाय खिडक्या बोटभर उघड्या ठेवायच्या आणि दारं आपटायची नाहीत. सगळ्या काचा बंद असताना दार जोरात लावलं की आतल्या हवेचा दाब काचेला बाहेर ढकलतो. गतिरोधकावर गाडी तिरकी नेली की सांगाडा पिळला जातो, म्हणून तिथेही सरळ आणि हळू.

दुरुस्तीच्या दिवशी गाडी उन्हातून चालवत नेली होती. दुरुस्तीवाल्याने काचेवर हात ठेवला आणि म्हणाला, ‘दादा, सावलीत लावा आणि थांबा जरा. तापलेल्या काचेत काम करत नाही मी.’ पाणी मारून लवकर गार करू का, असं शेजारच्या गिऱ्हाइकाने विचारल्यावर त्याने नुसतं त्याच्याकडे बघितलं. तापलेल्या काचेत रेझिन फार पातळ होऊन वाहतं, आणि ते अतिनील प्रकाशाने घट्ट होणारं असल्यामुळे उन्हात चिरेत पूर्ण पोचायच्या आधीच जमायला लागतं.

काच कोमट झाल्यावर त्याने चिकटपट्टी काढली, तिचा चिकटा पुसला आणि सुईसारख्या हत्याराने खड्ड्यातला काचेचा चुरा टिपून काढला. काचेच्या आतल्या बाजूला छोटा आरसा लावला, म्हणजे बाहेर उभं राहून चिरा मागूनही दिसतात. मग रबरी कपांनी काचेला धरणारा स्टँड बसवला आणि त्यातली पिचकारी बरोबर खड्ड्यावर टेकवली. आधी हवा ओढून घ्यायची, मग रेझिन दाबाने सोडायचं, पुन्हा ओढायचं, पुन्हा दाबायचं. हे बघण्यासारखं होतं. काळसर दिसणाऱ्या चिरा खड्ड्याकडून टोकाकडे एकेक करून पुसल्यासारख्या नाहीशा होत गेल्या. चीर दिसते ती आतल्या हवेमुळे. रेझिन प्रकाशाला जवळजवळ काचेइतकंच वाकवतं, त्यामुळे हवेची जागा त्याने घेतली की डोळ्याला फरक कळत नाही. पुढे सरकलेली ती एक चीर हट्टी निघाली. त्याने आतून अंगठ्याने हलकेच दाब दिला तेव्हा कुठे रेझिन टोकाला पोचलं.

नंतर अतिनील दिवा, खड्ड्यात घट्ट रेझिनचा थेंब, त्यावर पारदर्शक फिल्म, पुन्हा दिवा, आणि उभ्या धरलेल्या ब्लेडने वरचं जास्तीचं तासणं. शेवटी पॉलिश. सगळं मिळून अर्ध्या-पाऊण तासाचं काम. खड्ड्याच्या जागी फिकट ठिपका राहिला आहे, विशिष्ट कोनातून दिसतो. ‘तो राहणारच,’ असं त्याने कामाला हात घालण्याआधीच सांगितलं होतं, आणि काम चालू असताना चीर पळाली तर काच बदलावी लागेल हेही.

बदलायची वेळ आली नाही याचं मला बरं वाटलं. काच बदलायची म्हणजे कारखान्यात बसवलेली काच कापून काढायची, नवी चिकटवायची, गोंद पुरता धरेपर्यंत गाडी हलवायची नाही, आणि काचेमागे कॅमेरा असेल तर तो पुन्हा जुळवून घ्यायचा. छताची मजबुती आणि शेजारच्या सीटच्या एअरबॅगचा आधार, दोन्ही त्या चिकटवण्यावर अवलंबून असतात.

एक राहिलंच. यातलं बाजूच्या आणि मागच्या काचेला सहसा काही लागू पडत नाही. बहुतेक गाड्यांत ती टेम्पर्ड असते, एकच थर, पडदा नाही. ती टिकते तर आख्खी टिकते, नाहीतर तिचा बारीक चुरा होतो. तिथे रेझिनला वाव नाही, काच बदलणं एवढंच हाती असतं.