बाळाच्या डोसला आली आणि आईच ॲडमिट झाली

हडपसरच्या एका हॉस्पिटलात मी लसीकरणाला असते. परवा जुन्या पेशंटची भेट झाली म्हणून लिहितेय. पहिल्यांदा भेटली तेव्हा ती सासूबाईंबरोबर बाळाच्या दीड महिन्याच्या डोसला आलेली. बाळ छान गुटगुटीत, पण आई एक मजला चढून आली आणि नाव सांगताना मध्येच थांबून श्वास घेत होती, पाय इतके सुजलेले की चपलेचा पट्टा रुतलेला. सासूबाई म्हणाल्या, सिस्टर बाळंतवात आहे तो, त्यात रात्रभर जागरण. लाडू, मालिश, शेक सगळं मनापासून चाललेलं, खोकल्याचं औषधही चालू होतं.

मी विचारलं, अगं रात्री आडवी झोपू शकतेस का? तर म्हणे, नाही ताई, आडवं झालं की गुदमरतं, तीन उशा लावून बसूनच झोपते.

बास, व्हीलचेअर मागवली आणि थेट कॅज्युअल्टी. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ईएफ 32 टक्के, म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तातलं 32 टक्केच दर ठोक्याला बाहेर पडत होतं, नॉर्मल 55 च्या पुढे असतं. पेरिपार्टम कार्डिओमायोपथी. गरोदरपणाच्या शेवटी किंवा डिलिव्हरीनंतरच्या पाचेक महिन्यांत हृदयाचा स्नायूच कमजोर होतो, आधी काहीही त्रास नसलेल्या बाईचासुद्धा. गरोदरपणात बीपी वाढलेलं असेल, जुळी असतील, वय तिशीपुढे असेल तर धोका जास्त. हिचं बीपी आठव्या महिन्यात वाढलं होतं. आणि लक्षणं सगळी बाळंतपणात खपून जाणारी, थकवा, सूज, धाप, मला याचीच फार भीती वाटते. डिलिव्हरीनंतर सूज उतरत जायला हवी, हिची वाढत होती.

लॅसिक्सने, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधाने, अंगात साठलेलं पाणी उतरलं, ती पहिल्यांदा सपाट झोपली. मग ब्रोमोक्रिप्टिन सुरू करायचं ठरलं, त्याने दूध बंद होतं, तर सासूबाई रडायलाच लागल्या. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की दूध आणणारं जे प्रोलॅक्टिन त्याचाच एक तुकडा हृदयाला इजा करतो असं मानतात म्हणून हे औषध. नंतर वाटी-चमच्याने वरचं दूध पाजायचं काम त्यांनीच घेतलं, आणि काय निगुतीने केलं!

सहा महिन्यांनी ईएफ 54. निम्म्याहून जास्त बायका अशा सावरतात, पण वेळेत सापडल्या तर. परवा विचारत होती, गोळ्या आता बंद करू का? मी म्हटलं, सरांना विचारल्याशिवाय एकही नाही. दुसऱ्या बाळाचंही तसंच, हृदय सुधारलं तरी पुढच्या वेळी हे परत होऊ शकतं. तिने कॉपर-टी बसवून घेतलीये.