अंजिराच्या दिवसांचा हिशेब

माझे माहेर सासवडजवळचे. पुरंदरच्या ज्या अंजिरांना 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांच्या बागांत माझे बालपण गेले. त्यामुळे न्यू जर्सीत घर घेतल्यावर मागच्या अंगणात पहिले झाड लावले ते अंजिराचेच. पिकलेले फळ हाती यायला मात्र सहा उन्हाळे जावे लागले, कारण झाड थंडीतून जगवणे आणि त्यावर फळ पिकवणे ही दोन निराळी कामे आहेत हे मला फार उशिरा उमगले.

आमच्याकडे बहर धरायचा म्हणजे आधी झाडाला ताण द्यायचा. पाणी तोडले की पानगळ होते, झाड विसावते, मग छाटणी करून, खत घालून पाणी सोडले की नवा फुटवा येतो आणि त्याच फुटव्यावर पानांच्या बेचक्यात फळ धरते. खट्टा बहर आणि मीठा बहर हे अंजिराचे दोन्ही हंगाम अशा विश्रांतीवरच उभे असतात. येथे ताण देण्याचे काम हिवाळाच करतो, आणि विश्रांती अंजिराला मानवतेही. पान गळून निजलेले झाड साधारण उणे आठ ते दहा अंशांपर्यंत तग धरते, त्याखाली पारा गेला की वरचे लाकूड मरते. 14 फेब्रुवारी 2016 रोजी न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पारा उणे 18 अंशांवर गेला होता. असा एखादा दिवस उघड्यावरचे झाड जमिनीपर्यंत जाळून टाकतो. मुळे पालापाचोळ्याच्या आच्छादनाखाली वाचतात आणि मे महिन्याच्या मध्यावर बुडातून पुन्हा फुटतात.

पहिल्यानंतर लावलेले माझे झाड दरवर्षी असेच फुटे, आणि माझे समाधान होई. ऑगस्टपर्यंत ते माझ्या डोक्याच्या वर जाई, पाने परातीएवढी होत, आणि ऑक्टोबरात त्यावर टणक हिरवी फळे तशीच लटकत राहत. अखेरीस एका उन्हाळ्यात मी तारखा लिहून ठेवल्या. बुडातून आलेल्या फुटव्यावर पहिले फळ जुलैच्या उत्तरार्धात दिसले. फळ दिसल्यापासून पिकेपर्यंत बहुतेक जातींना अडीच ते तीन महिने लागतात, म्हणजे पिकण्याची वेळ ऑक्टोबरच्या मध्यावर येते, आणि तोवर ऊन उतरलेले असते, पाने जाळणारे गोठलेले दहिवरही दाराशी आलेले असते. उणे पडत होते ते चार-पाच आठवडे. झाड जितके लवकर जागे होईल तितके हे आठवडे भरून निघतात, आणि ते लवकर जागे व्हायचे तर जुने लाकूड हिवाळ्यातून वाचलेले हवे.

पण त्याआधी जात. माझे पहिले झाड कॅलिफोर्नियातील एका मैत्रिणीने दिलेल्या फाट्याचे होते. तिच्याकडे मधासारखी गोड लागणारी ती फळे माझ्याकडे अंगठ्याएवढी होऊन गळून पडत. अंजिराची फुले फळाच्या पोटातच असतात (आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो ते याच कुळाच्या गुणामुळे). स्मर्ना गटातील जातींत ती फुले फळल्याशिवाय फळ टिकत नाही, आणि ते काम करणारी चिमुकली अंजीरमाशी कॅलिफोर्नियात आहे, न्यू जर्सीत नाही. थंड प्रदेशात परागीभवनाशिवाय फळ पोसणारी, आणि त्यातही लवकर पिकणारी जात हवी. माझ्याकडे आता सिसिलीतील एटना परिसराच्या कुळातली शिकागो हार्डी आणि फ्रान्सची रोंद द बोर्दो आहे. सप्टेंबरच्या पावसात ज्यांचा डोळा, म्हणजे टोकाचे छिद्र, उघडा असतो ती फळे आत पाणी शिरून आंबतात, म्हणून बंद डोळ्याची सेलेस्टही मला फार मोलाची वाटते. सिॲटलकडे हिवाळा सौम्य पण उन्हाळाही थंड असतो. तेथे गतवर्षीच्या लाकडावर येणारा पहिला बहर उत्तम पिकवणारी डेझर्ट किंग लावतात, आणि ते योग्यच आहे. माझ्याकडे त्या जुन्या लाकडाचा भरवसा नाही, म्हणून मी नव्या फुटव्याच्या बहरावर विसंबते.

लाकूड वाचवण्याची जुनी रीत मी शेजारच्या आजोबांकडे पाहिली. त्यांचे वडील सिसिलीतून येताना अंजिराचा फाटा घेऊन आले होते. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमारास ते झाडाच्या एका बाजूची मुळे कुदळीने तोडतात, फांद्या सुतळीने एकत्र बांधतात, आणि दुसऱ्या बाजूला खणलेल्या चरात सबंध झाड हळूहळू वाकवून निजवतात. वर फळ्या, पाने आणि माती. पॅरिसजवळच्या आर्जांतय येथील अंजीरवालेही फांद्या अशाच मातीत निजवत. व्हर्सायला लुई चौदाव्याच्या फळबागेत, 1678 ते 1683 या काळात ती उभारणाऱ्या ला कँतिनीने कुंड्यांतील झाडे हिवाळ्यात आत नेण्याची व्यवस्था केली होती.

माझ्या कंबरेला चर खणणे झेपत नाही, म्हणून मी कुंड्यांकडे वळले. साठ लिटरच्या चार कुंड्या पानगळीनंतर न तापवलेल्या गॅरेजमध्ये जातात. तेथे अंधार आणि शून्य ते सात अंशांची थंडी असली की झाड निजून राहते, आणि महिन्यातून एकदा तांब्याभर पाणी पुरते. एप्रिलच्या आरंभी त्या उबेच्या दिवसांत बाहेर येतात आणि रात्री पुन्हा आत जातात. ही ये-जा कंटाळवाणी आहे, पण टाळण्यासारखी नाही, कारण निजलेले लाकूड जे सोसते ते कोवळा फुटवा सोसत नाही, आणि शून्याच्या जरा खाली गेलेली एक रात्र महिन्याभराची आघाडी घालवते. जमिनीतल्या झाडाला मी जपानी पद्धतीने वळण दिले आहे. दोन मुख्य फांद्या जमिनीपासून वीतभर उंचीवर आडव्या बांधायच्या, त्यांवरून उभे फुटवे घ्यायचे, हिवाळ्याआधी ते दोन डोळे (कोंब) राखून छाटायचे आणि आडव्या फांद्या पाने व जाड आच्छादनाखाली झाकायच्या. वाचवायचे लाकूड एवढे थोडे आणि जमिनीलगत असले की ते खरोखर वाचते. ज्याला एकच गोष्ट करायची असेल त्याने हीच करावी, असे माझे ठाम मत आहे.

जूनमध्ये फुटव्यावर पाच-सहा पाने झाली की मी शेंडा खुडते. झाडाची वाढ थबकते आणि फळ लवकर दिसू लागते. जुलैनंतर नत्र बंद. माझ्या परातीएवढ्या पानांमागे मी घातलेले शेणखतच होते.

आता जूनअखेरीस धरलेले फळ सप्टेंबरात पिकते. मधले पाच-सहा आठवडे ते जराही वाढत नाही आणि धीर सुटतो, मग अचानक चार दिवसांत दुप्पट होते. मान झुकते, हिरवट साल जांभळी होऊन तिच्यावर पांढऱ्या बारीक चिरा पडतात, आणि डोळ्याशी मधाचा एक थेंब येऊन थांबतो. देठाशी तोडल्यावर पांढरा चीक वाहिला तर घाई झाली असे समजावे, कारण तोडलेले अंजीर मऊ पडते, पण गोड होत नाही. मागे राहिलेल्या मोठ्या फळांच्या डोळ्याला आजोबा सप्टेंबरच्या मध्यावर काडीने ऑलिव्ह तेलाचा थेंब लावतात. आर्जांतयलाही हे करीत. तेलाने पिकणे आठवडाभर तरी पुढे येते, पण त्या फळाची गोडी मला किंचित उणी वाटते, म्हणून मी ते ऑक्टोबर दिसू लागल्यावरच करते. दहिवराच्या आदल्या दिवशी उरलेली वाटाण्याहून मोठी हिरवी फळे मी तोडून टाकते, आणि मग हिवाळ्याच्या बांधणीसाठी सुतळी बाहेर काढते.